पाउनला मासा शिवेना

माझा थोरला भाऊ पाउन मेल्यावर जेवढं पाणी प्यायला, त्याच्या पावपट जरी जिवंतपणी प्यायला असता, तरी आज माझ्यासमोर बसून मला शिव्या देत असता. जिवंत होता तोवर त्याने पाण्याला कधी तोंड लावलं नाही. "पाणी गिरणीसाठी आणि गाढवासाठी," म्हणायचा, आणि आलुबुखाराच्या दारूचा, राकियाचा पेला घशात ओतायचा. शेवटी एका शरद ऋतूत यकृताने हात टेकले.

त्याला पुरून महिना झाला नाही तोच हा प्रकार सुरू झाला. पेर्सिदा वहिनी रात्री उशाशी पाण्याचा पेला ठेवायची. सकाळी पेला कोरडा. रिकामा नव्हे हो, कोरडा. फडक्याने पुसून उन्हात ठेवल्यासारखा. मग खिडकीतल्या सब्ज्याच्या कुंडीतली माती भेगाळली. मग चर्चमधून आणलेल्या तीर्थाची बाटली संपली. मग कुत्र्याचं भांडं. कुत्रा बिचारा भांड्याकडे आणि आमच्याकडे असा आळीपाळीने बघायचा, जसं काही आम्हीच प्यायलो. एकदा वहिनीने धुणं पिळायला घेतलं, कोंबड्यांना हाकायला दोन मिनिटं बाहेर गेली, आणि परत आली तर टबातल्या चादरी पापडासारख्या कडकडीत. माझ्या ट्रॅक्टरच्या रेडिएटरची तर गोष्टच सोडा.

लोकांच्या घरात भुतं येतात ती ओल्या पावलांची. आमचं भूत जिथे जाईल तिथे कोरड पडायची.

मी आधी हसलो. गावभर सांगत फिरलो, की वहिनीला झोपेत पाणी प्यायची सवय लागलीय. मग एका दुपारी मी तिच्या स्वयंपाकघरात मक्याचा घाटा आणि चीज खात बसलो होतो. बाहेर लख्ख ऊन. समोर भरलेला पेला. आणि त्या पेल्यातलं पाणी माझ्या डोळ्यांदेखत खाली जायला लागलं. वासरू बादलीला तोंड लावतं ना, तसं. सावकाश, मधे दम घेत. माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, "हळू रे पाउन, ठसका लागेल." आणि मग माझा चमचा हातातून पडला.

वहिनी दारात उभी होती. "बघितलंत ना भाऊजी? आता तरी मला वेडी म्हणू नका."

"वेडी कोण म्हणालं?"

"तुम्हीच. परवा त्या व्हिएन्नावाल्या बार्बूच्या अंगणात. चांगलं मोठ्याने."

मी मान खाली घातली आणि घाटा संपवला. वाया कशाला घालवायचा.

आता गंमत अशी, की पाउन का तहानलेला आहे हे आमच्या होमोल्येच्या डोंगरात शेंबडं पोरही सांगेल. मेलेल्या माणसाला वरती आपोआप पाणी मिळत नाही. ते इथून सोडावं लागतं. वसंतातल्या पितरांच्या शनिवारी ओढ्यावर जायचं, अर्ध्या भोपळ्याच्या वाटीत मेणबत्ती लावायची, ती पाण्यात सोडायची आणि साक्षीदार बोलवायचे. सूर्य साक्षी, चंद्र साक्षी. पण आमच्या गावात तिसरा साक्षीदार लागतो, तो म्हणजे मासा. ओढ्यातला लाल ठिपक्यांचा ट्राउट वर आला पाहिजे आणि त्याने भोपळ्याला शिवलं पाहिजे. शिवला की पाणी पोचलं. नाही शिवला, तर मेलेला बसला कोरड्या घशाने.

आणि हे पाणी सोडणारी बाई गावात एकच. पेर्सिदा वहिनी. आमच्या आईला, आजीला, शेजाऱ्यांना, अगदी ज्यांच्याशी तिचं जन्मात पटलं नाही त्यांनासुद्धा तिनेच पाणी पाजलं होतं. पूर्वी अडचणच नव्हती. ओढ्यात मासे इतके, की पावाचा कण टाकला की चार तोंडं वर. मेलेल्याच्या तोंडची चूळ भरून व्हायच्या आत मासा शिवून मोकळा.

पण पाउन मेला त्याच्या पाच-सहा वर्षं आधी आमचा ओढा सुधारला.

म्हणजे असं झालं, की गावातले निम्मे लोक कामधंद्याला व्हिएन्नाला. तिथे त्यांनी बघितलं, की पाणी कसं सरळ, शिस्तीत, दोन भिंतींमधून वाहतं. आणि आमचा ओढा बघा, दारुड्यासारखा या काठावरून त्या काठावर. मग वर्गणी निघाली, वरून थोडा सरकारी पैसा आला, कंत्राटदार आला. त्याने काठावरची सगळी अल्डरची झाडं तोडली, दगडगोटे उचलले, वळणं काढली आणि ओढ्याला सिमेंटच्या नाळीत घातलं. फक्त वहिनीच्या कोबीच्या वाफ्याखालचं एक वळण राहिलं, कारण तिथपर्यंत येता येता सिमेंट संपलं. ते कुठे संपलं ते बार्बूच्या अंगणात गेलं की कळतं. बार्बू व्हिएन्नाहून परतलेला. त्याच्या घराला तीन मजले, दारात दोन सिंह आणि मागे निळा पोहण्याचा तलाव. तलावात कोणी पोहत नाही. बार्बूला पाण्याची भीती वाटते.

ओढा सरळ झाला त्या दिवसापासून मुका झाला. आधी रात्रंदिवस बडबडायचा, आता नळातून गेल्यासारखा गुपचूप जायचा. संध्याकाळी त्याच्या काठी उभं राहिलं, की आत काहीतरी टाळूला जीभ लावून चटचट वाजवतंय असं वाटायचं. आणि मग आले केस.

हिरवे, लांब, बारीक. नाळीच्या तळाला चिकटलेले आणि प्रवाहाबरोबर हलणारे, जशी एखादी बाई पाण्यात पालथी पडलीय. पहिल्या वर्षी वीतभर होते. मग हातभर. मग पुरुषभर. मासे दिसेनासे झाले.

गावाने ताबडतोब ओळखलं, की पितर रागावले. आणि आमच्याकडे पितर रागावले की एकच औषध, खायला घाला! आधी लोक पितरांच्या नावाने पावाचा तुकडा टाकायचे, आता अख्खा पाव. मग कोकराचं डोकं. मग व्हिएन्नाहून आणलेला मलईचा केक. राकिया गाळून उरलेला आलुबुखाराचा चोथा, तोही पिंपांनी, कारण पितरांनाही आवड असतेच. जेवढं घालावं तेवढे केस वाढायचे. जेवढे केस वाढायचे तेवढं गाव घाबरायचं आणि पितरांना आणखी वाढायचं. वर बार्बूची डुकरं होती, ती आपली जी काही भर घालायची ती वेगळीच. कोणी त्याला बोललं तर म्हणायचा, "डुकरं वर आहेत, ओढा खाली आहे. संबंध काय?"

"त्या संबंधालाच उतार म्हणतात," वहिनी म्हणायची.

तर पाउन मेल्यावरचा पहिला वसंत आला, पितरांचा शनिवार आला आणि ओढ्यात औषधालाही मासा नाही. मी म्हटलं, वहिनी, रडू नका, मासा मी आणतो. शेजारच्या खोऱ्यात एक खानावळ आहे, तिथे काचेच्या टाकीत ट्राउट ठेवतात. चांगला गुबगुबीत एक विकत घेतला. आणायचा कशात? पाद्रीबाबांकडून बाप्तिस्म्याचं भांडं मागून घेतलं. त्यांना सांगितलं, बाळ आहे. बाळ कोणाचं ते त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

ओढ्यावर सगळा गाव जमला होता. वहिनीने काळा रुमाल बांधला, भोपळा सोडला, मेणबत्ती लागली. मी वरच्या बाजूने हळूच मासा सोडला. माशाने दोनदा कल्ले फडफडवले, आमच्याकडे असं बघितलं, की काय रे हे, आणि पोट वर करून उलटा झाला. तसाच वाहत वाहत गेला आणि बरोब्बर भोपळ्याला जाऊन टेकला.

सगळे काठावरून पुढे वाकले.

"शिवला!" म्हातारा त्राइलो तात्या ओरडला.

"मेलेला शिवला," वहिनी म्हणाली.

"मग तर उत्तमच! मेलेल्याकडे मेलेलाच पोचणार. सरळ गोष्ट आहे."

"तात्या, साक्षीदार जिवंत लागतो. मेल्यांच्या साक्षीवर चालत असतं तर या गावातली सगळी भांडणं कधीच मिटली असती."

वाद वाढला. निम्मा गाव म्हणे चालेल, निम्मा म्हणे नाही. तेवढ्यात बार्बूचं मांजर नाळीत उतरलं आणि साक्षीदाराला तोंडात धरून निघून गेलं. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत बाप्तिस्म्याचं भांडंही कोरडं ठणठणीत झालं होतं. मी ते तसंच परत केलं.

त्या उन्हाळ्यात दुन्या आली. शहरातल्या विद्यापीठातली, गुडघ्याच्या वर येणारे रबरी बूट, हातात जाळी आणि पांढरा ट्रे. ती ओढ्यात उतरायची, पायाने तळ ढवळायची, जाळी धरायची आणि जे मिळेल ते ट्रेमध्ये ओतून तासन् तास बघत बसायची. गावाने ठरवलं, की ती आत्मे गाळतेय. बायका लांबून विचारायच्या, "अगं, आमची सासू सापडली तर तिथेच ठेव हं."

वहिनी मात्र सरळ तिच्याजवळ जाऊन बसली. मी मागे.

"काय मिळालं पोरी?"

दुन्याने ट्रे पुढे केला. आत लाल, पातळ अळ्या वळवळत होत्या. दोन-चार जळवा. बाकी काही नाही. "एवढंच काकू. वरती जंगलात, डुकरांच्याही वर, झऱ्यात गेले होते. तिथे एकेका दगडाखाली दहा-दहा तऱ्हेचे जीव आहेत. खड्यांचं घर बांधून राहणारे, दगडाला चपटे चिकटलेले, एका दिवसाच्या, म्हणजे पंख फुटल्यावर दिवसभरच जगणाऱ्या माश्यांची पिल्लं. ते खायला ट्राउट आहेत. आणि इथे फक्त हे. घाणीत तग धरणारे."

"आणि हे केस?"

"शेवाळ आहे ते. तुम्ही खायला घालता ते त्याला मिळतं. सावली नाही, ऊन थेट तळाला, मग काय विचारता! दिवसा वाढतं आणि रात्री पाण्यातला सगळा श्वास ओढून घेतं. पहाटेपर्यंत माशाला श्वासच उरत नाही."

मी मागून म्हटलं, "म्हणजे रात्री हिरव्या केसांची कोणीतरी श्वास ओढून घेते?"

"हो... म्हणजे तसंच."

"मग आम्ही इतकी वर्षं दुसरं काय सांगतोय?"

दुन्या जाळी झटकायला लागली. वहिनी मात्र ट्रेकडे बघत होती. "पोरी, समजा आम्ही खायला घालायचं थांबवलं. मग मासा येईल?"

"पाणी सुधारेल. पण येऊन बसेल कुठे काकू? ना मुळं, ना दगड, ना डोह. फरशीवर कोण संसार मांडतो?"

वहिनीने ट्रे तिच्याकडे परत सरकवला. मग म्हणाली, "म्हणजे पाहुण्याला बसायला पाट नाही, आणि आम्ही आपलं वाढतोय, वाढतोय, वाढतोय."

त्या रविवारी चर्चच्या दारात उभं राहून तिने जाहीर केलं, की ओढ्यात कोणी घास टाकला, तर त्याच्या घरातल्या मेलेल्याला ती पाणी सोडणार नाही. आत्ताचा असो की पुढचा. हे ऐकून सगळ्यात आधी जिवंत म्हातारे घाबरले. पितरांचं जेवण ओढ्याऐवजी अंगणात मांडायचं आणि जिवंतांनीच खायचं ठरलं. याला कोणाची फारशी हरकत दिसली नाही.

राहिला बार्बू. त्याने दात काढले. "काकी, माझ्या आईला तुम्ही केव्हाच पाणी सोडलंय. मासा शिवला होता, मी स्वतः बघितलाय. माझं काय वाकडं होणार?"

"ती प्यायची याच ओढ्यातून ना बार्बू?" वहिनी शांतपणे म्हणाली. "आता काय पीत असेल गं बाई, तुझ्या डुकरांच्या खालचं."

बस, एवढंच. भर ऑगस्टमध्ये बार्बूच्या तलावाचं पाणी उतरायला लागलं. आज टाचेएवढं, उद्या वीतभर. मी म्हटलं, ऊन आहे, आटत असेल. पण मी ते बार्बूला कशाला सांगू? तो माझ्याकडे धावत आला, चेहरा चुन्यासारखा. "ग्लिगोर, आई आलीय. तलावाच्या कडेला ती जिभेची चटचट ऐकू येते. आणि क्लोरिन आहे रे त्यात! तिच्या पोटाला सोसेल का?"

"तिला विचार."

त्याने विचारलं की नाही माहीत नाही. पण सरकारच्या नोटिसांनी जे कधी झालं नव्हतं ते आठवड्याभरात झालं. डुकरांच्या मागे मोठा खड्डा खणला गेला, बंदिस्त. तिथलं सगळं शेतात जायला लागलं. आणि तलावात बार्बूने जंगलातल्या झऱ्याचं पाणी टँकरने आणून ओतलं, आईसाठी.

हळूहळू केस तुटून वाहून गेले. पाणी निवळलं. पण ओढा आपला तसाच, उघडा आणि मुका. मासा नाही. पाउन पीतच होता.

वहिनीलाही आता त्याची सवय झाली होती. सकाळी कोरडा पेला उचलायची आणि म्हणायची, "प्यायलास? बरं झालं. आता ऐक, काळ्या गाईने काल काय केलं ते." आणि सगळं सांगायची. जिवंतपणी पाउन संध्याकाळी घरी कधी नसायचा. आता रोज असायचा. मी एकदा खिडकीतून बघितलं, वहिनी रिकाम्या खुर्चीशी बोलता बोलता हसत होती. माझ्या अंगावर काटा आला. तिच्या हसण्यामुळे नाही. खुर्ची किंचित मागे सरकली म्हणून.

पुढच्या मार्चमध्ये बर्फ वितळलं, ओढ्याला लोंढा आला आणि त्राइलो तात्याने जिवंतपणीच आपलं श्राद्ध घातलं.

त्यात काही विशेष नाही. वारसांवर भरवसा नसला, की आमच्याकडे माणूस आपलं आपणच उरकून घेतो. वरती लागणाऱ्या वस्तू शेजाऱ्यापाजाऱ्यांना आपल्या नावाने दान द्यायच्या, म्हणजे त्या तिकडे पोचतात. पण तात्याला शेजाऱ्यांवरही भरवसा नव्हता. "माझ्या भावाच्या नावाने मी बार्बूला ॲकॉर्डियन दिला होता, त्याने तो व्हिएन्नात विकला. भाऊ वर नुसता बसलाय, बोटं हलवत. मी माझा माल थेट पाण्यावाटे पाठवणार." म्हणून त्याने पलंग आणि ओकचं भलंमोठं कपाट काठावर आणलं. पलंग ढकलला. मग नवा सूट अंगात घालून, जुना कपाटात टांगायला तो आत वाकला, आणि काठ ढासळला.

मी खालच्या पुलावर होतो. ऐन दुपारी पाण्यावरून एक कपाट येताना दिसलं, दारं बंद, आणि आतून ठक, ठक, ठक.

पुलावरचे सगळे छातीवर क्रॉसची खूण करत पळाले. मीही पळालो, खोटं कशाला बोलू. कपाट वहिनीच्या कोबीखालच्या वळणावर गेलं. तिथे उरलेल्या दोन अल्डरची मुळं पाण्यात लोंबत होती, त्यांत आधीच पलंग अडकलेला. कपाट धाडकन जाऊन त्यावर आडवं बसलं. लोंढ्याने मुळं खिळखिळी झालेला एक अल्डर वर कोसळला. ठकठक थांबली.

वहिनी हातात कुदळ घेऊन खाली उतरली आणि तिने दार उघडलं. आत नव्या सुटात त्राइलो तात्या, गुडघे छातीशी, हॅट डोक्यावर.

"पोचलो का?" त्याने विचारलं.

"पोचलात."

"मग तू इथे कशी? तू कधी मेलीस?"

"तात्या, वर बघा. तो माझा कोबी आहे."

तात्याने मान लांब करून बघितलं. "इथेही कोबीच आहे का," म्हणाला, आणि रडायला लागला.

त्याला बाहेर काढलं, राकिया पाजली. कपाट मात्र हलेना. आठवड्याने सरकारी माणसं क्रेन घेऊन आली, की ओढ्यात अडथळा आहे. तेव्हा दुन्या कमरेएवढ्या पाण्यात आडवे हात पसरून उभी राहिली. "हात लावायचा नाही! या कपाटाखाली डोह पडतोय. खाली वाळू धुतली गेलीय, खडी उघडी पडलीय. मला दहा वर्षं निधी मिळाला असता तरी याच्याहून चांगलं काही बांधता आलं नसतं!"

माणसांना ते पटेना. मग त्राइलो तात्या पुढे झाला. "कपाट माझं आहे. मेल्यावर मला लागणार आहे. हलवलंत, तर मी तहानलेला मरेन, आणि मग तुमच्या कचेरीत येऊन तुमची कॉफी पिईन. सगळ्यांची."

क्रेन परत गेली.

त्या वर्षी मासा नाही आला. पाण्याला घाई कळत नाही. पण कपाटावरून पाणी पडायला लागलं आणि ओढ्याला वाचा फुटली, आधी पुटपुट, मग चक्क बडबड. पडलेल्या अल्डरच्या फांद्यांना पानं फुटली, सावली झाली. दुन्या कपाटाच्या खणातून मूठभर खडी काढायची आणि लहान पोरीसारखी ओरडायची, "काकू, गवंडी आले!" वहिनी चष्मा लावून बघायची. खड्यांना खडा जोडून, सुईएवढ्या नळीत घर करून बसलेला किडा. आणि पुढच्या वर्षी मे महिन्यात, दिवेलागणीच्या आधी, ओढ्यावरून एका दिवसाच्या माश्या उठल्या.

इतक्या वर्षांत त्या कोणी बघितल्या नव्हत्या. धुरासारख्या, पांढऱ्या, पंखांचा आवाजही नाही. वर जात होत्या, खाली येत होत्या, पाण्याला टेकत होत्या आणि पुन्हा वर. आमचे जुने लोक म्हणायचे, की मेलेले पाणी प्यायला येतात ते असेच. सगळा गाव काठावर येऊन उभा राहिला. बार्बूच्या बाहीवर एक येऊन बसली, तर त्याने टोपी काढली आणि हळूच म्हणाला, "आई, डुकरांचं चुकलं गं." आम्ही हसायला पाहिजे होतं. कोणी हसलं नाही.

वहिनी प्रत्येक माशीकडे निरखून बघत होती. "पाउन नाही यात," ती म्हणाली. "तो घरी आहे."

पितरांचा शनिवार आला. वहिनीने काळा रुमाल बांधला. भोपळा दोनदा पाण्याजवळ नेला आणि दोनदा मागे घेतला. मला वाटलं, मासा शिवेल की नाही या भीतीने. मी किती मूर्ख! भोपळा सोडला. तो डुलत डुलत गेला, कपाटाजवळ आला, पाण्याच्या भोवऱ्यात एकदा फिरला. कपाटाचं एक दार अर्धवट उघडं होतं. त्या दाराच्या काळोखातून एक ट्राउट बाहेर आला, वरच्या झऱ्यातून उतरलेला असणार, लाल ठिपके दिव्यासारखे. तो सावकाश वर आला आणि त्याने भोपळ्याला नाक लावलं. मेणबत्ती फस्स करून विझली.

"शिवला!" सगळ्यात आधी तात्या ओरडला. "माझ्या कपाटातून आला! माझ्या!"

लोक रडत होते, मिठ्या मारत होते. वहिनीने मंत्र म्हटला, "सूर्या, तू साक्षी. चंद्रा, तू साक्षी. माशा..." आणि तिने रुमालाचं टोक तोंडात धरलं. पुढचं मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो. वहिनी टेबलाशी बसली होती. समोर पेला. काठोकाठ भरलेला.

"भरलेलाच आहे भाऊजी."

"मग चांगलंच झालं की वहिनी! सुटला बिचारा."

"हो. चांगलंच झालं."

कुत्र्याचं भांडं भरलेलं होतं. सब्ज्याची माती ओली होती. घरात इतकं पाणी मी तीन वर्षांत बघितलं नव्हतं, आणि इतकं रिकामं घरही.

संध्याकाळी ती ओढ्याकडे जाताना दिसली, शालीखाली अख्खा पाव. पावाने काय होतं, केस कसे येतात, मासा कसा जातो, मासा गेला की कोण परत येतं, हे त्या अख्ख्या गावात तिच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? मी मागे मागे गेलो. ती कपाटाजवळ उभी राहिली. पावाचा तुकडा मोडला. हात पाण्यावर धरला. खाली दाराच्या सावलीत मासा थांबला होता, शेपटी हलवत.

मी उरलेल्या अल्डरच्या मागे थांबलो.

बऱ्याच वेळाने तिने हात मागे घेतला, तुकडा स्वतःच्या तोंडात टाकला आणि चावत राहिली. "मीठ कमी पडलंय," मागे न बघता म्हणाली. "घ्या, तुम्हीही खा. चोरासारखे उभे राहू नका." आम्ही दोघांनी काठावर बसून तो अख्खा पाव संपवला. एक कण पाण्यात पडू दिला नाही.

ती अजूनही रात्री पेला भरून ठेवते. मला ते बघवेना. म्हणून गेल्या आठवड्यात मी पहाटेच गुपचूप आत शिरलो, पेला गटागटा प्यायलो, तळ फडक्याने पुसला आणि बाहेर पडलो. उजाडल्यावर साळसूदपणे परत गेलो. वहिनी पेला उजेडाकडे धरून बघत होती.

"काय वहिनी," मी म्हटलं, "आला वाटतं?"

"भाऊजी," ती म्हणाली, "पाउन पेल्याला मिशीचा केस चिकटवून जात नव्हता."

मग तिने पेला विसळला, पुन्हा भरला आणि माझ्यापुढे सरकवला. "प्या. आणि बसा. काळ्या गाईने काल काय केलं, सांगते."